बदकांची संथा

काशीतल्या मराठी बायकांच्या हळदीकुंकवात नवी ओळख झाली की समोरची हमखास विचारायची, "तुम्ही कुठे असता नोकरीला?" मी म्हणायची, "कोंबड्यांच्या खात्यात." कुंकवाचं बोट तिथेच थबकायचं. मग जरा आशेने, "म्हणजे ऑफिसात ना?" मी म्हणायची, "छे, खुराड्यात." हा खोडसाळपणा माझ्या अंगातच आहे, त्याला इलाज नाही. मी मिरजेकडची, कुक्कुटपालनाची पदविका घेतलेली, आणि पडले ब्रह्माघाटावरच्या वैदिकांच्या घरात. लग्न ठरताना सासरच्यांनी 'पशुसंवर्धन' एवढंच ऐकलं होतं. त्यांच्या डोळ्यांपुढे गाय उभी राहिली. मीही ती समजूत बरेच दिवस राहू दिली.

गाय नव्हती. वरुणा नदीच्या पलीकडे, शहराच्या कडेला आमचं सरकारी केंद्र होतं. तिथे पिल्लं वाढवायची, गावोगाव जाऊन लस टोचायची, बायकांना कोंबड्या-बदकं पाळायला शिकवायचं, हे माझं काम. संध्याकाळी घरी आलं की जिन्याखालच्या नळावर हातपाय धुवायचे, तिथेच आडोशाला साडी बदलायची आणि मग वर जायचं. निवृत्त झाल्यावरही कित्येक महिने मी नुसती भाजी घेऊन आले तरी त्या नळाशी थांबत होते. हाताला आता कसलाच वास येत नाही, याचं बाकीच्यांना बरं वाटतं. मला वाटत नाही.

माझ्या नोकरीतलं एकच काम सांगायचं ठरवलं, तर मी कोंबडीखाली बदकाची अंडी बसवण्याचं सांगेन. बदकी अंडी भरपूर देते, पण बसायला तिला धीर नसतो. जरा बसते, पाणी दिसलं की उठते, आणि अंडी गार पडतात. म्हणून खेड्यातल्या बायका ती अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवतात. खुडूक म्हणजे अंगात ऊब भरलेली, अंडी घालायची थांबलेली आणि आता काहीतरी उबवल्याशिवाय राहणार नाही अशी कोंबडी. काशीकडच्या बायका तिला कुड़क म्हणतात. ती अंगावरची पिसं फुलवून बसते, जवळ गेलं की घशातल्या घशात गुरगुरते आणि हात घातला तर टोचते. तिच्याखाली बदकाची ठेवा, मोराची ठेवा, ती पंखाखाली ओढून घेते.

अडचण दोन ठिकाणी येते. कोंबडीचं पिल्लू तीन आठवड्यांत निघतं, बदकाचं चार. तीन आठवडे झाले की काही कोंबड्या चुळबुळ करायला लागतात. आपलं काम झालं, मग आत कोणी बोलत कसं नाही, असं त्यांना होत असावं. एखादी सरळ उठून जाते. दुसरं म्हणजे बदकाच्या अंड्याला ओल लागते. बदकी भिजलेल्या पोटाने येऊन बसते, कोंबडी बसते कोरड्या पोटाने. म्हणून दोन आठवडे झाले की अंड्यांवर कोमट पाणी शिंपडायचं. शिवाय ही अंडी जड, कोंबडीला नीट फिरवता येत नाहीत. ती दाणा खायला उठली की आपण फिरवायची. एका बाजूला कोळशाची खूण केली की झालं.

एवढं साधं काम, पण शिकल्यासवरल्यांनी त्यात काय काय केलं म्हणून सांगू! एक प्राध्यापक जोडपं होतं. त्यांनी हौसेने एकाच कोंबडीखाली, एकाच दिवशी, अर्धी अंडी तिची नि अर्धी बदकाची ठेवली. तीन आठवड्यांनी तिची पिल्लं निघाली आणि ती त्यांना घेऊन ऐटीत अंगणात गेली. बाई रडत केंद्रावर आल्या. उरलेली अंडी त्यांनी गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवली होती. मी म्हटलं, आता त्यांना चहाही पाजा. मग त्यांच्याबरोबर मीही जरा रडले, कारण आतली पिल्लं भरत आली होती आणि गार पडून गेली होती. बंगाली टोल्यातले, म्हणजे इथल्या बंगाली वस्तीतले, एक वृद्ध गृहस्थ तर दर थंडीत येऊन मला बदकाची अंडी मागायचे. आम्ही अंडी विकत नाही, पिल्लं देतो, असं दर वर्षी सांगावं लागे. ते म्हणत, मग पिल्लू कापायला मोठं व्हायला किती दिवस? मी त्यांना गंगेच्या पलीकडच्या काठावरच्या दुलारीचा पत्ता दिला, तेव्हा कुठे सुटका झाली.

ही दुलारी माझी शिष्या म्हणा, मैत्रीण म्हणा. मल्लाहाची बायको. नवरा नाव चालवायचा आणि ही रेतीच्या कडेला बदकं पाळायची. माहेराहून आणलेल्या दोन बदकींवर तिने तो कळप वाढवला होता. करड्या रंगाची, मानेला पांढरी कंठी असलेली बदकं. बंगाली टोल्यात तिच्या अंड्यांची वाट पाहिली जायची. केंद्रातली जास्त अंडी देणारी जात मी तिला देऊ केली होती. तिने नाही म्हटलं. ही माझ्या आईच्या हातची आहेत, म्हणाली.

एका वर्षी भाद्रपदात गंगा चढली. काशीत पूर म्हणजे आधी घाट बुडतात, मग देवळं, आणि पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं की लोक रोज जाऊन एक पायरी बघून येतात. आमचं बिऱ्हाड उंचावरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, त्यामुळे आम्ही सुरक्षित. पण पलीकडचा काठ सखल. तिथल्या वस्त्या पहिल्याच फटक्यात गेल्या. माणसांना पुलावरून इकडच्या शाळांमध्ये आणलं. केंद्राच्या आवारातही वरुणेचं पाणी शिरलं होतं, वीज गेली होती, उबवणीची यंत्रं बंद पडली होती. मी गुडघाभर पाण्यात उभी राहून लशींच्या पेट्या वर चढवत होते, तेवढ्यात दुलारी आली. डोक्यावर टोपली, टोपलीवर ओढणी बांधलेली.

"दीदी, सब बह गइल," ती म्हणाली. "बस ई बचल हौ."

ओढणी बाजूला केली तर आत तिची लाल खुडूक बसलेली, आणि तिच्याखाली बदकाची अंडी. दहा-बारा दिवसांपूर्वी बसवलेली. बदकं पुरात मरत नाहीत, ती पोहतात. पण पोहत पोहत पाण्याबरोबर जातात ती जातातच. कळप गेला होता. कंठीवाल्या बदकांचं म्हणून जे काही उरलं होतं ते या टोपलीत होतं.

शाळेत का नाही ठेवत, असं मी विचारलं. ती म्हणाली, "इस्कूल में चार सौ आदमी हौ, दीदी. कुड़क उठ जाई. ना उठल, त केहू अंडा उबाल के खा जाई."

दोन्ही खरं होतं. आणि केंद्रात ठेवायला जागा नव्हती. मी टोपली घेतली आणि रिक्षात बसले. ब्रह्माघाटाच्या गल्लीत शिरेपर्यंत मला आपण काय करतोय ते कळलं नव्हतं, असं म्हणायला हरकत नाही. कळलं असतं तरी तेच केलं असतं.

घरात आम्ही तिघंच. मी, माझे यजमान आणि मामंजी. सासूबाई मी येण्याआधीच गेल्या होत्या. आम्हांला मूलबाळ झालं नाही. त्याबद्दल घरात कोणी कधी बोललं नाही, आणि न बोलण्याचा आवाज मला चांगला ऐकू यायचा. यजमान रेल्वेत. मामंजी घनपाठी. सबंध वेद स्वरांसकट, उलटसुलट पदं फिरवून म्हणणारे. एके काळी त्यांच्याकडे मुलं राहायला असत. मी लग्न होऊन आले तेव्हा तिघं होती, मग एक, मग तोही दिल्लीला गेला. तरी गच्चीवरच्या खोलीत मामंजींचा पाठ रोज पहाटे सुरू व्हायचा. एक ओळ म्हणायची, थांबायचं. दुसरी म्हणायची, थांबायचं. वेद शिकवायची रीतच अशी, तिला संथा म्हणतात. गुरूने एकदा म्हणायचं, शिष्याने दोनदा. शिष्य नव्हते, तरी मामंजी दोनदा म्हणण्याइतका वेळ थांबत आणि मगच पुढे जात.

यजमानांनी टोपली पाहिली आणि म्हणाले, "अगं, ही काय झंझट उचलून आणलीस? अण्णा काय म्हणतील?"

अण्णा म्हणजे मामंजी जिन्यातच उभे होते. त्यांनी ओढणीखालून येणारी गुरगुर ऐकली आणि एवढंच म्हणाले, "घरात नाही."

मी टोपली गच्चीच्या जिन्याशी, कोपऱ्यात ठेवली. पुढे फळी लावली. पण आमच्या भागात माकडं फार, आणि पुरामुळे घाटावरची सगळी माकडं वरच्या गच्च्यांवर आलेली. दुसऱ्याच दिवशी दुपारी एक मोठा हुप्प्या फळी सरकवून आत शिरला. मी कामावर होते. मामंजींनी जे पाहिलं ते मला संध्याकाळी सांगितलं. माकडाने हात घातला, तशी कोंबडी दुप्पट फुगली आणि त्याच्या बोटावर तुटून पडली. माकडाने तिची पिसं उपटली. ती अंड्यांवरून उठली नाही. मामंजींनी काठी आपटली तेव्हा माकड गेलं.

"आसन सोडलं नाही तिने," ते म्हणाले. "माझ्या खोलीला जाळी आहे. तिथे ठेव."

पाठाच्या खोलीला जाळी होती, कारण माकडांनी एकदा त्यांचा चष्मा पळवला होता. पण त्या खोलीत मी सुद्धा पारोशाने पाय ठेवत नसे. मी बघतच राहिले. ते म्हणाले, "बघतेस काय? मधे विटा लाव. तिची बाजू तिला, माझी मला."

विटा लावल्या. मामंजींनी पुन्हा स्नान केलं. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे खुडूक कोंबडी नि घनपाठी एका खोलीत आपापल्या आसनावर बसले.

माझी ड्यूटी तेव्हा पूरग्रस्तांच्या छावण्यांतल्या जनावरांना लस टोचण्याची होती, सकाळी जायचं ते अंधार पडल्यावर यायचं. अंडी फिरवायला घरात कोणी नव्हतं. यजमानांना मी विचारलं तर त्यांना अचानक मुगलसरायला ज्यादा काम निघालं. शेवटी मामंजींना सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "अंड्याला हात लावणार नाही." मग त्यांनीच तोड काढली. कोंबडी दाणा टिपायला उठली की ते पळीच्या दांड्याने एकेक अंडं हलकेच लोटत आणि कोळशाची फुली खाली करत. शिंपडायचे दिवस आले तेव्हा पंचपात्रातलं पाणी पळीने घेऊन शिंपडू लागले. मी म्हटलं, "मामंजी, गंगेचं पाणी आता गढूळ आहे, उकळून कोमट करून घ्या." ते जरा रागावले. गंगेला गढूळ म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. पण उकळून घेऊ लागले.

काही दिवसांनी मी संध्याकाळी वर गेले तर पळी बाजूला पडली होती आणि ते उजव्या हाताच्या दोन बोटांनी अंडी फिरवत होते. मला पाहून म्हणाले, "दांड्याने तडा जाईल एखाद्याला." मी पळी उचलून पंचपात्रात ठेवली. मला हसू येत होतं.

तीन आठवडे भरले आणि ज्याची मला भीती होती तेच सुरू झालं. कोंबडी अस्वस्थ झाली. दाणा खायला उठली की परतायला वेळ लावी, जाळीशी जाऊन बाहेर बघत उभी राही. त्यात छावणीत दुलारीची गाठ पडली की ती काही न विचारता नुसती माझ्या तोंडाकडे बघायची. तिच्या आईच्या हातचं जे काही जगात उरलं होतं, ते एका कोंबडीच्या लहरीवर होतं. मी तिला, होईल नीट, असं म्हणायची आणि पुढच्या जनावराकडे वळायची.

मामंजींना मी परिस्थिती सांगितली. त्या दिवसापासून त्यांनी पाठ फक्त पहाटे न करता दिवसभर सुरू ठेवला. जेवायला खाली येत, तेही पटकन. मी विचारलं, "त्याने काय होणार?" ते म्हणाले, "एकटं बसवत नाही कोणाला." कोंबडी बसली. मी खात्यात नोकरी केलेली बाई आहे, पाठ ऐकून कोंबड्या बसतात असं मी कुठेही लिहून देणार नाही. बऱ्याच कोंबड्या आपल्या आपणही बसतात. ही बसली, एवढंच सांगते.

आणि मग एका सकाळी मी डबा भरत होते, तर मामंजींची वरून हाक आली, "वसुधा! अगं, वर ये!" त्याआधी कधी मामंजींनी हाक मारून मला वर बोलावल्याचं आठवत नाही. धावत गेले. ते आसनावर बसलेले, एक हात स्वर दाखवायला वर धरलेला, तसाच.

"ऐक," म्हणाले. त्यांनी एक ओळ म्हटली आणि थांबले.

कोंबडीच्या पोटाखालून बारीक आवाज आला. पीं. मग पुन्हा एकदा, पीं.

"मी एकदा, त्यांनी दोनदा," मामंजी म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी पुसले नाहीत.

पिल्लू कवच फोडायच्या आधी दीड-दोन दिवस आतून बोलायला लागतं, बाहेरून आवाज आला की जास्त बोलतं, हे मला शिकवलेलं होतं. मी ते त्यांना सांगितलं नाही. त्या दिवशी मी रजा टाकली.

एक अंडं सोडून सगळी फुटली. पिवळी, काळसर डोक्याची, चपट्या चोचींची पिल्लं. कोंबडीने त्यांच्याकडे मान तिरकी करून पाहिलं, चोचींकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि पंखाखाली घेतलं. तिच्या बाजूने प्रश्न मिटला होता. पण पिल्लांचा नव्हता. बदकाचं पिल्लू ज्याचा आवाज ओळखीचा, जो आधी हलताना दिसला, त्याच्यामागे लागतं. या पिल्लांनी अंड्यात असल्यापासून दोन आवाज ऐकले होते. मामंजी पाठ संपवून उठले, आणि सगळी रांग विटांवरून धडपडत त्यांच्यामागे निघाली. कोंबडी मागून ओरडत होती.

पुढचे पंधरा-वीस दिवस आमच्या घरात जे चाललं होतं ते ब्रह्माघाटावर कोणाला सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता. मामंजी गच्चीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जात, मागून पिल्लं, त्यांच्यामागून कावरीबावरी कोंबडी. मामंजी तुळशीला पाणी घालायला थांबले की सगळी थांबत. त्यांनी एक ओळ म्हटली की गलका होई. "स्वर चुकला," असं ते एकाला म्हणताना मी स्वतः ऐकलं आहे. त्यांनी पूजेची जुनी परात काढून तिच्यात पाणी भरलं, तर पिल्लं पटापट आत. कोंबडी परातीभोवती गरगर फिरून ऊर बडवायची तेवढी बाकी होती. मी धावत जाऊन पिल्लं बाहेर काढली. बदकीच्या पिसांतलं तेल पिल्लांना लागतं म्हणून ती भिजत नाहीत. कोंबडीकडे ते नसतं, तिची बदकं पहिल्या दिवसांत पाण्यात गारठून मरू शकतात. हे ऐकून मामंजी इतके घाबरले, की एकेकाला उपरण्यात गुंडाळून पुसत बसले. सोवळ्याचं उपरणं होतं. विटांची ओळ कोणी आणि कधी काढली ते मला माहीत नाही. विचारलंही नाही.

यजमान एकदा मला हळूच म्हणाले, "अण्णा माझ्याशी एवढं कधी बोलले नव्हते लहानपणी." ते हसत म्हणाले, पण तिथून लगेच उठून गेले.

पाणी ओसरलं. पलीकडच्या काठावरचा चिखल वाळला, दुलारीने झोपडी पुन्हा उभी केली आणि ती टोपली घेऊन आली. मामंजींनी स्वतः एकेक पिल्लू उचलून टोपलीत ठेवलं. कोंबडीला शेवटी ठेवलं. दुलारी त्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, "बाबा, एगो आप रख लीं."

मी मनात म्हटलं, घ्या ना, मामंजी, ठेवून घ्या एक.

"अकेला कैसे रहेगा?" ते म्हणाले. "सब ले जाओ, बेटी." आणि माझ्याकडे वळून मराठीत, "एकट्याने संथा होत नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाठ सुरू झाला. एक ओळ, मग थांबणं. पूर्वीही थांबत, पण आता जरा जास्त थांबत. मी खाली चहा ठेवून ऐकायची आणि त्या थांबण्यात माझाही जीव अडकायचा.

कामानिमित्त मला पलीकडच्या काठावर जावं लागे. परत आले की मामंजी पेपरातून डोकं न काढता विचारत, "काय म्हणतेय ती मंडळी?" मी सांगायची. पिसं बदलली. कंठी दिसायला लागली. आता रेतीवरून सरळ गंगेत उतरतात. "आणि ती?" ती म्हणजे कोंबडी. ती काठावर उभी राहून हाका मारत बसते, मी सांगायची. ते पान उलटत.

मी म्हटलं, "मामंजी, चला ना एकदा. पुलावरून ऑटोने अर्धा तास."

ते नाही म्हणाले. मला वाटलं, लाजतात. यजमानांनी खरं काय ते सांगितलं. सासूबाई गेल्या त्या वर्षी मामंजींनी क्षेत्रसंन्यास घेतला होता. म्हणजे मरेपर्यंत काशीची सीमा ओलांडायची नाही, असा संकल्प. मिरजेला माझ्या माहेरी ते कधी आले नाहीत, त्याचं कारण मला इतक्या वर्षांनी कळलं. आणि पलीकडचा काठ काशीत येत नाही. समोर दिसतो, सकाळी सूर्य तिथून उगवतो, तिथली माणसं हलताना दिसतात, पण तो बाहेर. मामंजी रोज स्नानाला घाटावर जात आणि आल्यावर डोळे लाल असत. ते पाण्याने झाले असतील असं मी समजत होते. आता कळलं, की ते उन्हात डोळे ताणून पलीकडे बघत बसत.

कार्तिकात, पंचगंगा घाटावर आकाशदिवे लागायचे दिवस होते, तेव्हा एका सकाळी ते आपण होऊन म्हणाले, "दुलारीच्या नवऱ्याला विचार, नाव रिकामी आहे का."

"पण मामंजी, तुमचा..."

"गंगा काशीचीच आहे. पाण्यावर आहे तोवर मी काशीत. वाळूला पाय लावणार नाही."

हे त्यांनी कुठल्या ग्रंथातून काढलं, की स्वतःच ठरवलं, मला माहीत नाही. मी वाद घातला नाही. यजमान, मी आणि मामंजी ब्रह्माघाटाच्या पायरीवरून नावेत बसलो. मामंजींनी धुतलेलं धोतर, नवं उपरणं घेतलं होतं. कोणाकडे पाहुणे निघालोत असं वाटत होतं. वाटेत त्यांनी घसा दोन-तीनदा खाकरून साफ केला.

पलीकडचा काठ जवळ आला तशी दुलारीच्या नवऱ्याने वल्ही थांबवली. वाळू हाताच्या अंतरावर होती. दुलारी काठावर उभी होती. आणि नावेच्या नि काठाच्या मधल्या संथ पाण्यात करड्या अंगाची, पांढऱ्या कंठीची बदकं डोकी बुडवून चरत होती. पुरी वाढलेली. त्यांच्यापलीकडे वाळूवर ती लाल कोंबडी होती. पाण्याच्या कडेने चार पावलं इकडे, चार तिकडे, आणि सारखी हाक. तिला पाण्यात उतरता येत नव्हतं. मामंजींना वाळूवर उतरता येत नव्हतं.

"बाबा, आवाज देईं न," दुलारी ओरडली. "पहिचान लिहें सब!"

मामंजींचा हात वर उठला, स्वर दाखवायला उठतो तसा. ते कोंबडीकडे बघत होते. बराच वेळ बघत राहिले. मग हात खाली आला.

"नको," ते म्हणाले. "तिची हाक चालू आहे. मी मधे कशाला? सगळी आली माझ्याकडे, तर मी त्यांना नेणार कुठे?"

ते खाऊ घालायला उपरण्याच्या टोकात पोहे बांधून आले होते, ते त्यांनी पाण्यात टाकले. बदकं आली, नावेला लागून पोहे टिपले आणि गेली. एकानेही मान वर करून पाहिलं नाही. मामंजी त्यांच्याकडे पोटभर पाहत होते. यजमानांनी वडिलांच्या पाठीवर हात ठेवला होता, आणि तो त्यांनी घाट येईपर्यंत काढला नाही.

परतताना मध्यधारेत आल्यावर, काठाकडे पाठ करून, मामंजींनी हळू आवाजात पाठ सुरू केला. ओळीनंतर थांबत नव्हते. सलग म्हणत होते.

पुढच्या चैत्रात मामंजी गेले. काशीतच, गच्चीवरच्या खोलीत.

त्या पावसाळ्यात पूर आला नाही, तरी दुलारी एक दिवस खुडूक आणि कंठीवाल्या बदकींची अंडी टोपलीत घालून माझ्या दारात आली. म्हणाली, बाबांच्याच खोलीत बसव, दीदी. मी बसवली. अंडी फिरवली, कोमट पाणी शिंपडलं. चौथ्या आठवड्यात आतून आवाज यायला लागला तेव्हा मी कोंबडीसमोर बसले आणि मामंजींच्या पाठातलं कानावरून जे गेलं होतं ते म्हणून पाहिलं. दोन-चार ओळी आल्या, त्याही धड स्वरात नाहीत. पुढचं मला येत नव्हतं.

पिल्लं सगळी निघाली. एकही अंडं वाया गेलं नाही. मी उठून दारापर्यंत गेले, थांबले, मागे वळून पाहिलं. सगळी कोंबडीच्या मागे गेली होती.